कुणीतरी स्क्रू काढतंय

वस्ती, ता. राहुरी
४ ऑगस्ट २०२४

आत्या,

नमस्कार. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहितेय.

तू शेळ्या विकून मला लग्नात दिलेला लॅपटॉप बिघडलाय. आतून तो ठणठणीत आहे. पण पडद्याची बिजागरी ढिली झालीय, त्यामुळे पडदा उभाच राहत नाही. मी शिकवत असते आणि तो हळूहळू मागे कलतो, नाहीतर एकदम कीबोर्डवर आपटतो. कॅमेरा पडद्याच्या वरच्या कडेला असतो. त्यामुळे नगरला सावेडीत असलेल्या क्लासमधल्या माझ्या दहावीच्या मुलांना गणिताऐवजी आमचे पत्रे दिसतात. परवा प्रमेय सांगताना तसंच झालं. एक मुलगा म्हणाला, "मॅडम, तुमच्या पत्र्याला जाळी लागलीत." सगळे हसले. मीही हसले, पण तास संपल्यावर मोरीत जाऊन रडले.

आमचे हे, म्हणजे तुझे जावई, मला लगेच मोटारसायकलवर राहुरीला घेऊन गेले. स्टँडजवळ छगनभाऊंचं दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांनी खालचं झाकण उघडून बिजागरी कसून दिली. आठवडाभर बरं चाललं आणि पुन्हा तेच. परत गेलो. या वेळी छगनभाऊंनी भिंग लावून पाहिलं आणि म्हणाले, "ताई, वापरून ढिली झालेली बिजागरी मला कळते. हिचे स्क्रू कुणीतरी सैल केलेत. एक तर गायबच आहे. घरात कुणी उघडतं का?"

हे हसले. म्हणाले, "घरात कोण उघडणार? मला तर घड्याळाचा सेलसुद्धा बदलता येत नाही."

आत्या, मला एकच नाव सुचतंय. अश्विनीताई, माझी थोरली जाऊ. संध्याकाळी माझा तास असतो तेव्हा माझ्या वाटणीच्या गाईंच्या धारासुद्धा त्याच काढतात. तोंडाने कधी बोलत नाहीत, पण बादली आपटतात. सासूबाई शेजारच्या बायकांना कौतुकाने सांगतात, "आमची मोनिका पडद्यावर शिकविती." तेव्हा अश्विनीताई उठून आत जातात. हे सगळं मी आजवर मनावर घेतलं नव्हतं.

आता सावेडीच्या आरती मॅडम म्हणतात की दिवाळीनंतर मला क्लासमध्ये कायम घेणार आहेत. त्याआधी पालकांसमोर एक तास घेऊन दाखवायचा आहे. हे कुणाला तरी बघवत नाही. काय करू ते लिही.

तुझी
मोनिका


ता. पाथर्डी
१२ ऑगस्ट

मोनाबाय,

तुझं पत्र पोचलं. माझं मीच वाचलं. वाचून अंगाची आग झाली.

कोन आसंल म्हनून काय इचारतीस? जावंबिगर दुसरं कोन? सासू म्हातारी, तिला त्या मशीनचं झाकन कुठनं निघतं ते ठावं न्हाई. तुझा नवरा भोळा मानूस, तुला गाडीवर बसवून दुरुस्तीला नेतो. असा जावई मिळाया नशीब लागतं. मंग ऱ्हायली कोन ते तूच बघ.

मी तुला माझं सांगते. ऊसतोडीला गेल्तो तवा माझ्या जावंनं माझ्या कोयत्याची धार दगडावर घासून मोडली. मी मागं पडावी, मुकादमानं मला बोलावं म्हनून. मी तिला एक शबूद बोलले न्हाई. दुसऱ्या दिशी सगळे फडात गेल्यावर तिच्या कोपीवरचं पाचट सोडून दिलं. थंडीचे दिस. रातभर दहिवार तिच्या अंगावर गळालं. पुन्ना तिनं माझ्या कोयत्याला हात लावला न्हाई.

तवा तुला सांगते ते ध्यानात ठेव. भांडायचं न्हाई. डोळ्यात पानी आनायचं न्हाई. सासूला सांगायचं न्हाई, ती दोघींना गप करील आन तुझं तसंच ऱ्हाईल. आदी पक्कं कर तीच हाय म्हनून. मंग तिचं काळीज कशात गुतलंय ते बघ. तिथं घाव घाल आन तिला कळू देऊ नको कुनी घातला.

त्या लॅपटॉपसाठी मी माझ्या शेळ्यांतली काळी पाठ ईकली, जिला मी हातानं दूध पाजून वाढवली. ती अशी वाया जायची न्हाई.

तुझी आत्या
लंकाबाई


राहुरी
३ सप्टेंबर

आत्या,

तू सांगितलंस तसंच केलं.

आधी पक्कं केलं. ब्लाउजचं हुक निघालं म्हणून मी अश्विनीताईंचा शिवणाचा डबा उघडला. बॉबिनांमध्ये एक बारका काळा स्क्रू होता, तांदळाच्या कणीएवढा. छगनभाऊंनी मला तसलाच दाखवला होता. मी तो तळहातावर घेऊन कितीतरी वेळ बघत बसले, मग होता तिथे ठेवला. हुक लावलं, डबा बंद केला आणि जाऊन कणीक मळली. अश्विनीताई समोर भाजी निवडत होत्या. मी त्यांना विचारलं, "लसूण सोलून देऊ का तुमच्या भाजीला?" माझा आवाज अगदी नेहमीसारखा होता. मलाच नवल वाटलं.

त्यांचं काळीज कशात गुंतलंय ते शोधावं लागलं नाही. त्यांच्याकडे अंडी उबवायचं छोटं मशीन आहे. माहेरहून आणलंय. घरात त्यांच्या एकटीच्या मालकीची तेवढीच एक वस्तू. गावठी कोंबड्यांची अंडी त्यात लावतात, दिवसातून कितीदा तरी काचेतून डोकावतात, आणि आपलं आपण हसतात. पिल्लं निघायला दोन-तीन दिवसच उरले होते.

त्या दिवशी सगळे श्रीरामपूरला साखरपुड्याला गेले. माझा तास होता म्हणून मी घरी राहिले. ते निघाले आणि मी मशीनचं बटण फिरवून आकडा वर नेला, जाईल तेवढा वर. काच गरम झाली. आतून बारीक टकटक ऐकू येत होती, पिल्लं कवचाला चोच लावतात तशी. मी बाहेर येऊन धुणं वाळत घातलं. ते परत यायच्या आधी बटण जागेवर आणलं. तोपर्यंत टकटक बंद झाली होती.

पिल्लं निघाली नाहीत. चौथ्या दिवशी अश्विनीताईंनी सगळी अंडी टोपलीत घातली, गोठ्याच्या मागे नेली आणि एकेक फोडून पाहिली. मी तिथेच शेणाची पाटी घेऊन उभी होते. पिसं आली होती, चोची आल्या होत्या. त्या प्रत्येकाला फडक्याने पुसत होत्या, जसं काही पुसून काही होणार होतं. सासूबाई म्हणाल्या, "लाईटीचा दाब वरखाली झाला आसंल. जाऊ दे बाई." अश्विनीताई म्हणाल्या, "नाही, माझंच लक्ष नव्हतं. मी साखरपुड्याला जायला नको होतं."

मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. त्या संध्याकाळी पडदा ताठ उभा होता आणि माझा तास इतका छान झाला की मुलं म्हणाली, मॅडम अजून थोडं घ्या.

मोनिका


ता. पाथर्डी
११ सप्टेंबर

मोनाबाय,

शाब्बास. माझ्या भावाची लेक शोभतीस. तुझी आई आसती तर तिला हे जमलं नसतं, ती लई मऊ हुती. म्हनून तर तिचं आयुष्य लोकांनी तुडवलं.

आता गप ऱ्हा. गोड बोल. तिला सनावाराला हळदीकुकू लाव. लॅपटॉप पेटीत घालून कुलूप लाव. किल्ली गळ्यात ठेव. येक किल्ली नवऱ्यापाशी दे, तुझी हरवली तर.

ती पुन्ना हात लावायची न्हाई.

आत्या


राहुरी
६ ऑक्टोबर

आत्या,

आपण चुकलो.

अश्विनीताई भावाच्या मुलाच्या जावळासाठी नेवाशाला माहेरी गेल्या होत्या. लॅपटॉप पेटीत होता, पेटीला कुलूप होतं. आणि मंगळवारी तासाला बसले तर पडदा हातातच आला. नुसता वायरीवर लोंबत होता.

तू म्हणशील, आता जाऊ नव्हती तर कोण? मलाही तेच कळेना. दोन दिवसांनी छगनभाऊंकडून तो पुन्हा कसून आणला आणि पेटीत ठेवला. नेणारे-आणणारे आमचे हेच. वाटेत उसाचा रस पाजला. म्हणाले, "तू कष्टी होऊ नको, आपण दहादा दुरुस्त करू."

शुक्रवारी मी धार काढायला बसले आणि दूध गाळायचं फडकं घरातच राहिलं म्हणून माघारी आले. आमच्या खोलीची खिडकी अर्धी उघडी होती.

आदिनाथ पलंगावर मांडी घालून बसला होता. आता मी नावच लिहिणार आहे. लॅपटॉप पालथा घालून त्याने उशीवर ठेवला होता, ओरखडा पडू नये म्हणून. हातात बारका पेचकस. तोंडाने काहीतरी गुणगुणत होता. एकेक स्क्रू काढून त्याने पलंगावर ओळीने मांडला. झाकण उचललं, आत बिजागरीला दोन-तीन फेरे दिले, झाकण बसवलं. एक स्क्रू तेवढा शर्टाच्या खिशात टाकला. मग बाहीने लॅपटॉपवरचे बोटांचे ठसे पुसले आणि तो पेटीत ठेवून कुलूप लावलं. तू द्यायला सांगितलेल्या किल्लीने.

मी आत गेले नाही. गोठ्यात परत गेले आणि दूध न गाळताच डेअरीच्या कॅनमध्ये ओतलं.

आत्या, तो मला एकदाही नको म्हणाला नाही. सावेडीच्या नोकरीचं सांगितलं तेव्हा पेढे घेऊन आला. गावात सगळ्यांना सांगत फिरतो, "मोनिकाला मी कधी अडवलं नाही." माझा पडदा पडायचा, मुलं हसायची, मी रडायचे आणि तो माझ्या पाठीवरून हात फिरवायचा. त्याच हाताने.

अश्विनीताई परत आल्यावर मी सहज विचारावं तसं विचारलं, "ताई, तुमच्या डब्यात तो काळा स्क्रू कशाचा?" त्या म्हणाल्या, "धुण्याच्या मशीनमध्ये सापडला. मला वाटलं माझ्या शिलाई मशीनचा असेल, म्हणून ठेवला. तुला पाहिजे का?"

तुला पाहिजे का, असं विचारलं त्यांनी मला.

मी आता काय करू ते सांग. जावेच्या वेळी तुला लगेच सुचलं होतं. त्यापेक्षा मोठं काहीतरी सांग. मला त्याची झोप उडालेली पाहायची आहे.

मोनिका


ता. पाथर्डी
१५ ऑक्टोबर

मोनाबाय,

पत्र वाचलं. फाडून चुलीत घातलं. तूबी माझी पत्रं जाळ.

हे बघ पोरी. जाऊ येगळी आन नवरा येगळा. नवऱ्याशी वैर धरून बाईनं जायचं कुठं? त्यो मारत न्हाई, पीत न्हाई, बाहेर कुटं त्याचं काही न्हाई. बायकू नगरला रोज जाईल, चार लोकं बघतील, आपलं कसं हुईल, आसं भ्या वाटलं आसंल त्याला. पुरुषाचं मन तसंच आसतंय. त्यानं तुला तोंडावर नको म्हनलं न्हाई, ही त्याची चांगलीच गोष्ट म्हन.

तू पाह्यलंस हे त्याला कळू देऊ नको. घरातच शिकव, जमंल तेवढं. न्हाई जमलं तर सोड.

आन अंड्याचं जावंला सांगायला जाऊ नको. झालं ते गेलं.

आत्या


राहुरी
२२ नोव्हेंबर

आत्या,

तुझ्या पत्राला महिनाभर उत्तर लिहिलं नाही. दोनदा लिहायला घेतलं आणि रागाने फाडलं.

जाऊ असेल तर काळजावर घाव घाल, आणि नवरा असेल तर पत्र चुलीत घाल. हे तू मला शिकवतेस? माझ्या हातून ती सगळी पिल्लं मेली तेव्हा तू शाब्बास लिहिलंस. ज्याने खरोखर केलं त्याच्या वेळी तुला त्याचं भ्यालेलं मन दिसलं. मी तुझी पत्रं जाळलेली नाहीत. ती मला वाचायला लागतात, राग कमी होऊ नये म्हणून.

आता काय झालं ते ऐक.

दिवाळी झाल्यावर मी अश्विनीताईंना सगळं सांगितलं. गोठ्यात, दोघीच होतो. आधी स्क्रूचं सांगितलं, मग अंड्यांचं. त्या गाईच्या कासेला पाणी मारत होत्या. हात थांबला. म्हणाल्या, "बटण तू फिरवलंस?" मी हो म्हटलं. "आत टकटक चालू असताना?" मी हो म्हटलं. त्यांनी हातातला तांब्या खाली ठेवला आणि माझ्या मुस्काटात मारली. मग तांब्या उचलला आणि धारेला बसल्या. त्यानंतर माझ्याशी एक शब्द नाही.

पालकांसमोरचा तास गेल्या रविवारी सकाळी होता. शनिवारी रात्री मी लॅपटॉप उशाशी घेऊन झोपले होते. सकाळी अंघोळ करून येईपर्यंतच काय तो माझ्या नजरेआड. उघडला तर पडदा मान टाकलेल्या कोंबडीसारखा. छगनभाऊंचं दुकान रविवारी बंद असतं. आदिनाथ तोवर गाडी काढून राधाकृष्ण मामांना, म्हणजे सासूबाईंच्या भावाला, आणायला निघून गेला होता. नेमक्या त्याच सकाळी मामांना जेवायला बोलावलं होतं त्याने.

मी डबे लावून पाहिले, उशा लावून पाहिल्या. पडदा ठरेना. वेळ होत आली. दारात अश्विनीताई उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. त्या आत आल्या, माझ्या समोर टेबलाच्या पलीकडे उभ्या राहिल्या आणि दोन्ही हातांनी पडदा मागून धरला.

मी लावलेल्या उशा बाजूला काढल्या. त्याच म्हणाल्या, "तुझ्यासाठी नाही धरलेला. त्याच्या मनासारखं होऊ नये म्हणून धरलाय. शिकव आता."

मी शिकवलं. पूर्ण तास त्या तशाच उभ्या राहिल्या. हात बदलला नाही, भिंतीला टेकल्या नाहीत. पडद्यावर पालक दिसत होते, आरती मॅडम दिसत होत्या, आणि पडद्याच्या वर अश्विनीताईंचा चेहरा. मला तो तासभर समोर बघावा लागला. एवढी शिक्षा मला पुरेशी आहे असं मी म्हणत नाही.

मध्येच आदिनाथ मामांना घेऊन आला. दारातून त्याने पाहिलं आणि थबकला. बोलता येईना, कारण त्याचा आवाज सगळ्यांना गेला असता. मी त्याच्याकडे बघितलं आणि पुढचं उदाहरण घेतलं.

तास संपला. आरती मॅडमनी तिथल्या तिथे सांगितलं, डिसेंबरपासून या. मी लॅपटॉप मिटला आणि ओसरीत आले. मामा चहा पीत होते, सासूबाई शेजारी. आदिनाथ म्हणाला, "अगं, पुन्हा ढिला झाला का? मला आधी सांगायचं. मी उठवून आणलं असतं छगनला." मग मामांकडे वळून, "मामा, हिच्या कामात मी कधीच आडवा आलो नाही."

मी काही बोलायच्या आत अश्विनीताई आतून आल्या. तो काळा स्क्रू त्यांनी आदिनाथच्या बशीत ठेवला. "भाऊजी, हा तुमचा. तुमच्या शर्टाच्या खिशातून धुण्यात पडला होता."

तो म्हणाला, "माझ्या खिशात कसा येईल?"

मी लॅपटॉप त्याच्यासमोर सतरंजीवर पालथा ठेवला. त्याचा पेचकस मी गादीखालून आधीच काढून आणला होता, तोही शेजारी ठेवला. म्हटलं, "येईना का कसाही. बसवा आता."

"मला कुठं येतंय त्यातलं."

मामांना काही कळलं नव्हतं. ते म्हणाले, "अरे, पोरगी एवढं म्हणतीय तर बघ की करून. लेकी-सुना सगळ्या शिकल्या, तू नुसता बघत बसतोस."

तो बसला. त्याला वाटलं असेल, दोन मिनिटं खाटखुट करायची आणि जमत नाही म्हणायचं. पण आत्या, सवयीच्या हाताला खोटं बोलता येत नाही. लांब स्क्रू मागे, आखूड पुढे, हे त्याला बघावं लागलं नाही. झाकण एका कोपऱ्यातून आधी दाबावं लागतं, तिथे त्याचा अंगठा आपोआप गेला. बिजागरी कसली, झाकण बसलं, बशीतला स्क्रूसुद्धा त्याच्या जागी गेला. मग त्याचं त्यालाच कळलं आणि त्याचा हात थांबला.

मामांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "चांगला हात बसलाय रे तुझा."

सासूबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग पदर खोचून उठल्या आणि म्हणाल्या, "आदिनाथ, ताटं आपली आपण घ्या आज." आणि मळ्याकडे निघून गेल्या. मामा न जेवता गेले. स्टँडवर जाईपर्यंत त्यांनी ही गोष्ट किती जणांना सांगितली असेल ते तूच समज. कृषी केंद्रावर त्याचे मित्र आता त्याला पेचकस म्हणतात.

रात्री त्याने विचारलं, "लोकांसमोरच करायचं होतं का हे?" मी म्हटलं, "माझा पडदा पडायचा तेव्हा मुलं समोर असायची."

मी तिकडेच राहायला जातेय, पुढचं पत्र सावेडीच्या पत्त्यावर लिही. खाली दिलाय. लिहायचं नसेल तर नको लिहू.

मोनिका


ता. पाथर्डी
१८ डिसेंबर

मोनाबाय,

तू रागावलीस ते वाचलं. मी उत्तर देत न्हाई, सांगते फकत काय घडलं ते.

तुझा नवरा रविवारी हितं आला. पेढ्याचा पुडा घेऊन. पाया पडला. वट्ट्यावर बसला आन हळू आवाजात काहीबाही बोलाया लागला. मला त्याच्या तोंडावरनंच समजलं काय म्हनतोय ते. मोनिकाला समजावा, तिला परत पाठवा. पर मी कानामागं हात धरला. म्हनलं, जावईबापू, मला ऐकू येत न्हाई, मोठ्यानं बोला.

त्यो मोठ्यानं बोलला. मी म्हनलं, आजून मोठ्यानं. मोनी घरातनं का गेली, त्ये सांगा.

शेजारचा गोरक्षनाथ वैरन कापत हुता, त्यानं मशीन बंद केलं. नळावरच्या बायका हंडे ठेवून उभ्या ऱ्हायल्या. त्याचा चेहरा लाल झाला. मी कानामागचा हात तसाच धरून बसले. त्यो ओरडून म्हनाला, मी तिच्या लॅपटॉपचे स्क्रू काढत हुतो. मी म्हनलं, काय काढत हुता? त्यो पुन्ना ओरडला. मी म्हनलं, का काढत हुता? तवा त्यो गप झाला.

मी म्हनलं, ह्ये मला ऐकू आलं बरं का. आन पेढे त्याच्या गाडीच्या हँडलला आडकवले.

आता तू मला काय शिव्या द्यायच्या त्या दे.

आत्या


सावेडी
५ जानेवारी २०२५

आत्या,

शिव्या देत नाही. तुझं पत्र माझ्या खोलीतल्या मुलींना वाचून दाखवलं. हसून हसून सगळ्या गादीवर पडल्या. मग मी एकटीच बराच वेळ हसत राहिले आणि शेवटी रडले.

काम चांगलं चाललंय. तीन मुलींत मिळून एक खोली आहे, खाली रिक्षा मिळते. आदिनाथ दोनदा येऊन गेला. पहिल्यांदा मी खाली गेलेच नाही. दुसऱ्यांदा गेले. झाडाखाली उभा होता, दाढी वाढलेली. म्हणाला, "मला भीती वाटली होती. तू गेलीस की परत येणार नाहीस, अशी." मी म्हटलं, "तुम्ही तसं सांगितलं असतं तर मी रोज संध्याकाळच्या एसटीने घरी आले असते." त्याचे डोळे भरले. मला त्याची दया आली नाही, आत्या. येईल असं मी मनाला सांगून पाहिलं, तरी आली नाही. पुढे आली तर तेव्हा बघू. मी वर आले आणि खिडकीतून पाहिलं तर तो तिथेच उभा होता. मी पडदा ओढला आणि दुसऱ्या दिवशीचं गणित काढत बसले.

अश्विनीताईंना संक्रांतीचं बोलावणं करायला आज फोन केला. मी इकडे येऊन महिना झाला, त्यात हा पहिलाच फोन. उचलतील असं वाटलं नव्हतं. उचलला. म्हटलं, "ताई, चार दिवस इकडे या. मी येते तुम्हाला न्यायला."

"मला सवड नाही," त्या म्हणाल्या. "कोंबड्या वाढवल्यात. पन्नास अंड्यांचं नवीन मशीन घेतलंय."

"कुठे ठेवलंत?"

"तुझ्या खोलीत. तुझं टेबल त्यालाच लागलं. पलंग बाहेर काढला. भाऊजी ओसरीत झोपतात."

त्याच पुढे म्हणाल्या, "आणि खोलीला मी कुलूप लावते. तू आलीस तरी ती उघडायची नाही. पाव्हण्यासारखी ये, चहा घे आणि जा."

मी म्हटलं, "बरं केलंत, ताई."

पण फोन त्यांनी आधीच ठेवला होता.

मोनिका